प्रतिसाद न देणारे विमान आणि शासनाची पूर्वसिद्धता

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या प्रवासी विमानाचा, ते जर्मनीच्या हवाई हद्दीत असताना, जमिनीवरील नियंत्रकांशी असलेला संपर्क तुटला. विमानात ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. जर्मन हवाई दलाची दोन लढाऊ विमाने तातडीने उडाली आणि प्रवासी विमानासोबत जाऊ लागली. पुढे संपर्क पुन्हा प्रस्थापित झाला व विमान लंडन येथे सुखरूप उतरले.

कोणालाही इजा न झालेली अशी घटना वृत्त म्हणून दोन दिवसांत विस्मृतीत जाते. शासनव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. उत्तर न देणाऱ्या विमानाबाबत अधिकाऱ्यांपुढे एकाच वेळी अनेक शक्यता उभ्या असतात. वैमानिकाने रेडिओ चुकीच्या लहरीवर लावला असेल. संपर्कयंत्रणेत बिघाड झाला असेल. प्राणवायूच्या अभावी कर्मचारी बेशुद्ध पडले असतील. किंवा विमानाचा ताबा अपहरणकर्त्यांनी घेतला असेल. साधी चूक वा बिघाड यांची शक्यता सर्वांत अधिक असते, अपहरणाची सर्वांत कमी. परंतु त्या शेवटच्या शक्यतेची किंमत सर्वांत मोठी असते. माहिती अपुरी, वेळ तुटपुंजा आणि चूक झाल्यास तिचे मोल मानवी प्राणांत मोजावे लागणार, अशा स्थितीत शासनाने निर्णय कसा घ्यावा? गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव असे सांगतो की, असा निर्णय बव्हंशी आधीच घेऊन ठेवावा लागतो. नियम कोणते, अधिकार कोणाचा आणि साधने कोठे, हे संकटापूर्वी ठरलेले असेल तरच संकटाच्या वेळी विवेकाला जागा उरते. प्रस्तुत लेखात या विधानाचा भारतातील व अन्य देशांतील घटनांच्या आधारे विचार केला आहे.

शंकेची पहिली खूण

प्रवासी विमान आपल्या मार्गावर एका नियंत्रण क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जात असते. प्रत्येक क्षेत्राची रेडिओ लहर वेगळी असते व हद्द ओलांडताना वैमानिकाला नवी लहर लावावी लागते. या हस्तांतरणात आकडा ऐकण्यात वा लावण्यात चूक झाली की संपर्क तुटतो. त्यामुळे नियंत्रकाचे पहिले काम लढाऊ विमाने मागविण्याचे नसून विमानाला अन्य मार्गांनी शोधण्याचे असते. १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या लहरीवर हाक दिली जाते, आसपासच्या विमानांना निरोप पोहोचविण्यास सांगितले जाते आणि विमान कंपनीच्या स्वतंत्र संदेशयंत्रणेचा उपयोग केला जातो.

दुसरी खूण ट्रान्सपॉन्डर या यंत्राकडून मिळते. रडारच्या विचारणेला हे यंत्र आपोआप उत्तर देते आणि विमानाची ओळख व उंची कळविते. वैमानिक त्यावर चार आकडी संकेतांक लावू शकतो. ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे संपर्कयंत्रणेतील बिघाड आणि ७७०० म्हणजे अन्य आणीबाणी. बोलता न येणाऱ्या वैमानिकालाही या आकड्यांतून आपली स्थिती सांगता येते. मात्र हे यंत्र विमानातूनच बंद करता येते. तसे झाल्यास नागरी नियंत्रकाच्या पडद्यावरील विमानाची ओळख पुसली जाते. उरतो तो केवळ धातूवरून परावर्तित झालेल्या लहरींचा अनामिक ठिपका. आणि असा ठिपका टिपण्याची क्षमता प्रामुख्याने लष्करी रडारकडे असते. म्हणूनच नागरी नियंत्रण व हवाई दल यांच्यातील समन्वय हा या विषयाचा कणा आहे.

आकाशातील सांकेतिक भाषा

शंका दूर न झाल्यास लढाऊ विमाने पाठविली जातात. त्यांचे प्रमुख काम हल्ल्याचे नसून माहिती मिळविण्याचे असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. जवळ जाऊन विमानाचा क्रमांक वाचणे, वैमानिक कक्षात कोण दिसते ते पाहणे आणि विमानाचे उड्डाण नियंत्रित आहे की नाही हे तपासणे, ही कामे जमिनीवरून होऊ शकत नाहीत.

१९४४ च्या शिकागो करारानुसार स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच आयकाओने, यासाठी समान संकेत ठरवून दिले आहेत. लढाऊ विमान प्रवासी विमानाच्या किंचित पुढे व सामान्यतः डाव्या बाजूस, कप्तानाला दिसेल असे येते आणि पंख हलविते. याचा अर्थ, 'तुम्हाला अडविण्यात आले आहे, मागोमाग या.' प्रवासी विमानानेही पंख हलवून होकार द्यावयाचा असतो. विमानतळाभोवती चाके खाली सोडून घिरट्या घातल्या तर 'येथे उतरा' असा अर्थ होतो. लढाऊ विमान एकाएकी वर चढत मोठे वळण घेऊन दूर गेले, तर 'तुम्ही जाऊ शकता' असे समजावयाचे. रेडिओ बंद असला, भाषा वेगळी असली, तरी हा संवाद शक्य व्हावा अशी ही योजना आहे.

दोन प्रकारच्या चुका

संख्याशास्त्रात निर्णयाच्या दोन प्रकारच्या चुका सांगितल्या जातात. निरपराधाला अपराधी मानणे ही एक आणि अपराध्याला निरपराध मानणे ही दुसरी. एक चूक टाळण्यासाठी निकष कडक वा सैल करावा, तर दुसरीची शक्यता वाढते. प्रतिसाद न देणाऱ्या विमानाच्या बाबतीत जगाने दोन्ही चुकांची किंमत मोजली आहे.

१ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला जाणारे दक्षिण कोरियाचे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडले व २६९ जणांचा मृत्यू झाला. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौका 'व्हिन्सेन्स'ने पर्शियाच्या आखातावर इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले. त्यात २९० जण प्राणास मुकले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे विमान इराणच्या क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ जण मृत्युमुखी पडले. या तिन्ही प्रसंगी तणावाचे वातावरण होते. विमान शत्रूचे असावे हा समज आधी तयार होता व त्याच्याशी विसंगत असलेल्या खुणांकडे दुर्लक्ष झाले.

१९८३ च्या घटनेनंतर १० मे १९८४ रोजी शिकागो करारात अनुच्छेद ३ बिस समाविष्ट करण्याचा ठराव झाला. तो १ ऑक्टोबर १९९८ पासून अंमलात आला. उड्डाणात असलेल्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्रांचा वापर टाळावा आणि विमान अडविताना त्यातील व्यक्तींचे प्राण धोक्यात आणू नयेत, असे बंधन त्याने राष्ट्रांवर घातले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेखालील राष्ट्रांचे हक्क व कर्तव्ये मात्र त्याने अबाधित ठेवली. विमान अडविण्याच्या अधिकाराचा दुरुपयोगही संभवतो. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून विल्नियसला जाणारे विमान बॉम्बच्या खोट्या सूचनेवरून बेलारूसमधील मिन्स्क येथे उतरविण्यात आले व विमानातील एका पत्रकाराला अटक झाली. ती सूचना जाणूनबुजून खोटी दिली गेली होती, असा निष्कर्ष आयकाओच्या चौकशीत निघाला.

दुसऱ्या प्रकारच्या चुकीचे सर्वांत भीषण उदाहरण ११ सप्टेंबर २००१ चे आहे. तोवर अपहरणाचा अर्थ विमान कोठे तरी उतरणार, मागण्या मांडल्या जाणार आणि वाटाघाटी होणार, असाच मानला जात असे. वैमानिकांनाही सहकार्याचे धोरण शिकविले जाई. १९ अपहरणकर्त्यांनी हे गृहीतकच मोडले. अमेरिकी चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालानुसार, पहिले विमान इमारतीवर आदळण्यापूर्वी लष्कराला सुमारे नऊ मिनिटांची पूर्वसूचना मिळाली. उरलेल्या तीन विमानांबाबत तेवढीही मिळाली नाही. चौथे विमान प्रवाशांच्या प्रतिकारानंतर सकाळी १० वाजून ३ मिनिटांनी पेनसिल्व्हेनियात कोसळले. विमान पाडण्याच्या परवानगीचा निरोप संबंधित हवाई संरक्षण केंद्राला मिळाला तो त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने. लढाऊ विमाने होती, वैमानिक होते. ठरलेली कार्यपद्धती मात्र दुसऱ्याच प्रकारच्या संकटासाठी आखलेली होती.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. मलेशियाच्या नियंत्रण क्षेत्रातून व्हिएतनामच्या क्षेत्रात जाण्याच्या सीमेवरच त्याचा ठिपका पडद्यावरून गेला. विमान आता दुसऱ्याच्या जबाबदारीत आहे, असे एका बाजूला वाटले. दुसऱ्या बाजूने विचारणा होण्यास विहित मुदतीहून अधिक वेळ लागला. मागे वळून मलाय द्वीपकल्प ओलांडणारे विमान लष्करी रडारने टिपले होते, परंतु ते अडविण्यासाठी लढाऊ विमान गेले नाही. शोध व बचाव केंद्र कार्यान्वित होईपर्यंत पहाटेचे साडेपाच वाजले, म्हणजे शेवटच्या संभाषणाला चार तास उलटून गेले होते. नियंत्रकांकडून विहित कार्यपद्धतीचे पालन झाले नाही, असे २०१८ च्या मलेशियाच्या अहवालात नमूद आहे. जबाबदारी दोन संस्थांमध्ये विभागलेली असते तेव्हा ती दोघींच्या मधल्या जागेत हरवू शकते, हा प्रशासनशास्त्रातील जुनाच धडा येथे पुन्हा मिळाला.

पाहता येते, वाचविता येत नाही

लढाऊ विमान वेळेवर पोहोचले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ स्वयंचलित स्थितीऐवजी हस्तचलित स्थितीत राहिली होती. विमान वर चढत गेले, आतील हवा विरळ होत गेली आणि धोक्याच्या घंटेचा अर्थ वैमानिकांच्या लक्षात येण्यापूर्वीच ते शुद्ध हरपू लागले. स्वयंचलित यंत्रणेने विमान अथेन्सपर्यंत नेले व ते तेथे घिरट्या घालू लागले.

सकाळी ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास संपर्क तुटला होता. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमाने ११ वाजून ५ मिनिटांनी उडाली आणि ११ वाजून २४ मिनिटांनी त्यांनी विमान गाठले. कप्तानाची जागा रिकामी होती, सहवैमानिक निश्चेष्ट पडलेला होता आणि प्रवासी कक्षात प्राणवायूचे मुखवटे लोंबत होते. काही वेळाने एक कर्मचारी वैमानिक कक्षात शिरून विमान सावरण्याची धडपड करताना दिसला. परंतु इंधन संपत आले होते. १२ वाजून काही मिनिटांनी विमान डोंगरावर कोसळले व सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले.

लढाऊ वैमानिकांनी जे पाहिले त्यामुळे हे अपहरण नाही हे स्पष्ट झाले. पण बाहेरून कोणतीही मदत करणे शक्य नव्हते. अशा प्रसंगी खरा बचाव आकाशात होत नाही. तो उड्डाणापूर्वीच्या तपासणीत, वैमानिकांच्या प्रशिक्षणात आणि इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या रचनेत होतो. सुरक्षेची सर्वांत स्वस्त पायरी बहुधा सर्वांत आधीची असते.

एकच विमानतळ, दोन निकाल

भारताला अपहरणाचा अनुभव जुना आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाणारे 'गंगा' हे विमान लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने आपल्या हद्दीवरून पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि पूर्व व पश्चिम पाकिस्तानमधील हवाई प्रवास श्रीलंकेचा वळसा घालून करावा लागू लागला. सप्टेंबर १९७६ मधील अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेचा विभाग निर्माण झाला. १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र झाला.

यातील दोन घटना शेजारी ठेवून अभ्यासण्याजोग्या आहेत. एप्रिल १९९३ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला जाणाऱ्या विमानाचे अपहरण झाले. लाहोरला उतरण्यास परवानगी न मिळाल्याने ते अमृतसरला उतरले. पुढे कित्येक तास बोलणी चालू राहिली. त्या अवधीत राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजेच एनएसजीचे, कमांडो तेथे पोहोचले. २५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर त्यांनी विमानात प्रवेश केला. अपहरणकर्ता मारला गेला व ओलीस असलेले सर्व १४१ जण सुखरूप सुटले.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी ८१४ हे विमानही अपहरणानंतर अमृतसरलाच उतरले. ते तेथे सुमारे पाऊण तास होते. इंधन भरले गेले नाही, पण विमान रोखलेही गेले नाही आणि कमांडो पोहोचण्यापूर्वीच ते उडाले. लाहोर व दुबईमार्गे ते तालिबानच्या ताब्यातील कंदाहारला गेले. एका प्रवाशाची हत्या झाली. ३१ डिसेंबर रोजी मसूद अझहर, अहमद उमर सईद शेख आणि मुश्ताक अहमद झरगर या तिघांच्या सुटकेच्या बदल्यात प्रवासी परत आले. पुढील काळात मसूद अझहरने जैश-ए-महंमद ही संघटना उभी केली.

विमानतळ तोच, दल तेच. निकालात अंतर पडले ते वेळेच्या प्रमाणामुळे. १९९३ मध्ये बोलणी करणाऱ्यांनी तास मिळविले. १९९९ मध्ये मिनिटेच हाती होती. ती मिनिटे कोणाच्या आदेशाने वापरावयाची, हे जागेवरील अधिकाऱ्यांपुरते स्पष्ट नव्हते. दिल्लीतील संकट व्यवस्थापन गटाने विचार करावा, मग आदेश द्यावा आणि तो विमानतळावर पोहोचावा, या क्रमासाठी पाऊण तास अपुरा ठरला. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत मुंबईहून आलेल्या पॅन ॲमच्या विमानात याउलट घडले होते. हवाईसुंदरी नीरजा भनोत यांनी दिलेल्या सूचनेमुळे वैमानिक आपल्या कक्षातील आणीबाणीच्या मार्गाने बाहेर पडले आणि विमान जमिनीवरच खिळून राहिले. त्या घटनेतही जीवितहानी झाली. प्रवाशांचे रक्षण करताना नीरजा भनोत यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. परंतु विमान उडू न शकल्याने अपहरणकर्त्यांचा बेत तेथेच अडकला. जमिनीवरील विमान पुन्हा उडू न देणे हे पहिले सूत्र का मानले जाते, ते यावरून कळते.

भारतीय धोरण व कायदा

कंदाहारच्या अनुभवानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. २००० मध्ये जयपूरपासून त्याचा प्रारंभ झाला. ऑगस्ट २००५ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नवे अपहरणविरोधी धोरण संमत केले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार, भारतीय भूमीवर असलेले अपहृत विमान उडू देऊ नये, वाटाघाटी संकट संपविण्यापुरत्या व जीवितहानी टाळण्यापुरत्याच कराव्यात आणि विमानाचा क्षेपणास्त्रासारखा वापर होणार असे दिसल्यास ते पाडण्याचाही विचार व्हावा, अशी तरतूद होती. हा निर्णय पंतप्रधान, संरक्षणमंत्री वा गृहमंत्री यांपैकी जे प्रथम उपलब्ध होतील त्यांनी घ्यावा आणि अगदीच अवधी नसल्यास हवाई दलातील ठरावीक वरिष्ठ अधिकाऱ्याने घ्यावा, असे सांगण्यात आले. या धोरणाचे मर्म अधिकारांच्या साखळीत आहे. एक कडी उपलब्ध नसली तरी साखळी तुटू नये, ही अमृतसरची शिकवण होती.

कायद्याच्या पातळीवर टोकियो (१९६३), हेग (१९७०), माँट्रियल (१९७१) आणि बीजिंग (२०१०) येथील आंतरराष्ट्रीय करार महत्त्वाचे आहेत. भारताचा पहिला अपहरणविरोधी कायदा १९८२ चा. त्याची जागा अपहरणविरोधी अधिनियम, २०१६ ने घेतली व तो ५ जुलै २०१७ पासून अंमलात आला. बळ, धमकी वा तांत्रिक साधनांनी विमानाचा ताबा घेणे आणि तसे करण्याची विश्वासार्ह वाटावी अशी धमकी देणे, हेही त्यात अपराध ठरते. 'सेवेत असलेले विमान' ही संज्ञा उड्डाणपूर्व तयारीपासून उतरल्यानंतरच्या २४ तासांपर्यंत लागू होते. अपराधामुळे ओलिसाचा वा सुरक्षा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास मृत्युदंडाची तरतूद आहे. अन्य प्रसंगी आजन्म कारावास, दंड आणि मालमत्तेची जप्ती विहित आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानात सापडलेल्या धमकीच्या चिठ्ठीच्या प्रकरणात या कायद्याखालील पहिली शिक्षा २०१९ मध्ये झाली. मात्र २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपीस निर्दोष ठरविले. शिक्षा जितकी कठोर, तितकी पुराव्याची अपेक्षाही काटेकोर असते, हे या निकालातून दिसते.

कार्यपद्धती संयमाने कशी चालते याचे उदाहरण ३ ऑक्टोबर २०२२ चे आहे. तेहरानहून चीनमधील ग्वांगझू येथे जाणाऱ्या विमानात बॉम्ब असल्याची सूचना ते भारतीय हद्दीत असताना मिळाली. हवाई दलाची लढाऊ विमाने उडाली व सुरक्षित अंतर राखून मागे राहिली. वैमानिकाला प्रथम जयपूर व नंतर चंडीगड येथे उतरण्याचा पर्याय देण्यात आला. त्याने दोन्ही नाकारले. पुढे तेहरानकडून सूचना दुर्लक्षिण्यास सांगितले गेले आणि विमान मार्गस्थ झाले. सज्जता पूर्ण, बळाचा वापर शून्य, असा हा प्रतिसाद होता.

पाडावे की पाडू नये

धोरणातील सर्वांत कठीण तरतूद विमान पाडण्याची. जर्मनीने जानेवारी २००५ मध्ये हवाई सुरक्षा कायदा करून असा अधिकार संरक्षणमंत्र्यांना दिला होता. १५ फेब्रुवारी २००६ रोजी तेथील संघीय घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. विमानातील निरपराध प्रवाशांना इतरांच्या रक्षणाचे केवळ साधन मानणे हे मानवी प्रतिष्ठेच्या हमीशी विसंगत आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. विमानात नेमके काय चालले आहे हे त्या क्षणी निश्चितपणे कळत नाही, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

शंभर प्राण गमावून हजार वाचवावेत, हे उपयुक्ततावादी गणित वरवर साधे दिसते. परंतु शंभर जण निश्चित मरणार आणि हजार जण कदाचित वाचणार, अशी वास्तविक मांडणी केली की गणित अवघड होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करताना विद्यार्थ्यांनी नैतिक व संभाव्यताविषयक अशा दोन्ही बाजू मांडाव्यात.

पूर्वसिद्धतेचे अर्थशास्त्र

हवाई संरक्षण ही शुद्ध सार्वजनिक वस्तू आहे. एकाच्या संरक्षणाने दुसऱ्याचे कमी होत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. त्यामुळे तिचा खर्च शासनालाच करावा लागतो आणि वर्षानुवर्षे प्रसंग न आल्यास तो वाया गेल्यासारखा भासतो. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी अदिस अबाबाहून रोमला निघालेले इथिओपियाचे विमान सहवैमानिकानेच कप्तानाला बाहेर कोंडून जिनिव्हाला नेले. विमानात २०२ जण होते. इटली व फ्रान्स यांची लढाऊ विमाने त्याच्यासोबत गेली. स्वित्झर्लंडची गेली नाहीत, कारण त्या देशाचे हवाई दल तेव्हा केवळ कार्यालयीन वेळेत सज्ज असे आणि विमान पहाटे सहाच्या सुमारास उतरले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढ करीत २०२० च्या अखेरीपासून तेथे दोन सशस्त्र विमाने चोवीस तास, पंधरा मिनिटांत उडण्याच्या तयारीत ठेवली जातात. विम्याचा हप्ता अपघात न झाल्याने निरर्थक ठरत नाही, तसेच या खर्चाचे आहे.

खर्च कोठे करावा हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या काळात १३० हून अधिक विमान अपहरणांचे प्रसंग घडले. १९७३ पासून सर्व प्रवाशांची तपासणी सक्तीची झाल्यावर हे प्रमाण झपाट्याने उतरले. अर्थशास्त्रज्ञ विल्यम लँडेस यांनी १९७८ मध्ये या आकडेवारीचा अभ्यास करून पकडले जाण्याची शक्यता वाढल्याने अपहरणे घटली, हे दाखविले. तसेच टाळलेल्या प्रत्येक अपहरणामागे समाजाला लक्षावधी डॉलर मोजावे लागतात, हेही निदर्शनास आणले. उपायांचे अनपेक्षित परिणामही असतात. २००१ नंतर वैमानिक कक्षाचे दार अभेद्य करण्यात आले. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दारामागे स्वतःला कोंडून विमान आल्प्स पर्वतात आदळविले आणि १५० जणांचा बळी गेला. बाहेरचा धोका रोखणारी भिंत आतल्या धोक्याला संरक्षण देऊ शकते.

वाटाघाटींचा प्रश्न 'काल-विसंगती' या संकल्पनेने नेमका समजतो. फिन किडलँड व एडवर्ड प्रेस्कॉट यांनी ती १९७७ मध्ये मांडली. २००४ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अपहरणकर्त्यांच्या मागण्या कधीही मान्य करणार नाही, ही घोषणा संकटापूर्वी इष्टतम असते, कारण ती पुढील अपहरणांना परावृत्त करते. प्रत्यक्ष ओलीस विमानात असताना मात्र मागण्या मान्य करणे शासनाला अधिक हितावह वाटू लागते. समोरच्या पक्षाला हे ठाऊक असल्याने घोषणेची विश्वासार्हता घटते. डिसेंबर १९९९ मधील सरकारपुढे नातेवाइकांचा आक्रोश होता, प्रसारमाध्यमांचा दबाव होता आणि विमान परक्या भूमीवर होते. त्या टप्प्यावर चांगला पर्याय उरलेलाच नव्हता. तो अमृतसरला मागे राहिला होता. यावरून निष्कर्ष असा की, कठोर घोषणेपेक्षा ती पाळावी लागण्याची वेळ येऊ न देणारी सिद्धता अधिक विश्वासार्ह असते.

समारोप

प्रतिसाद न देणारी बहुतेक विमाने थोड्याच वेळात पुन्हा बोलू लागतात. म्हणून व्यवस्थेने प्रत्येक मौनाला शत्रुत्व समजू नये. आणि एखादे मौन प्राणघातक असू शकते म्हणून कोणत्याही मौनाकडे दुर्लक्षही करू नये. या दोहोंमधील वाट एखाद्या अधिकाऱ्याच्या प्रसंगावधानावर सोडता येत नाही. जर्मनीच्या आकाशातील ती दोन लढाऊ विमाने काही न करता परतली, हेच त्यांचे यश होते. त्यामागे अखंड चालू असलेली रडारयंत्रणा, नागरी व लष्करी कक्षांमधील थेट दूरध्वनी, ठरलेले अधिकार आणि वारंवार केलेला सराव होता. नागरिकाला यांपैकी काहीही दिसत नाही. तो सुखरूप घरी पोहोचतो, एवढेच त्याला कळते. आणि त्यासाठीच हा खर्च असतो.

सरावासाठी प्रश्न

१. शिकागो कराराच्या अनुच्छेद ३ बिसची पार्श्वभूमी सांगून त्याचे महत्त्व व मर्यादा स्पष्ट करा.
२. 'अमृतसर येथील १९९३ व १९९९ मधील घटनांमधील भेद हा साधनांचा नसून वेळेचा व अधिकारांचा होता.' चर्चा करा.
३. अपहरणविरोधी अधिनियम, २०१६ ची प्रमुख वैशिष्ट्ये लिहा.
४. काल-विसंगतीची संकल्पना ओलिसांच्या सुटकेसाठी होणाऱ्या वाटाघाटींना कशी लागू पडते, ते सोदाहरण सांगा.